कॅमेऱ्यावर बोट ठेवलं, तरी गोल हिरवाच

वाळूज एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. शेतातल्या मोटारीला बसतो ना, लाईट आली की मोटार चालू करणारा ऑटो, त्याचे सर्किट बोर्ड आम्ही बनवतो. भोकं पाडायला जुनी कॅमेरावाली ड्रिलिंग मशीन घेतली होती. मशीन खणखणीत, पण प्रोग्रॅम जुनाट. नवा बोर्ड आला की एकेक भोक हाताने शिकवायचं. कॉम्प्युटरवरची ड्रिल फाइल, म्हणजे भोकांच्या जागांची यादी, तिने थेट वाचावी, एवढीच माझी हौस होती.

ओळखीतून एक जण आला. "काका, टेन्शन नका घेऊ, दोन दिवसांचं काम हाय." पंचेचाळीस हजार ठरले, तीस आगाऊ. बिल मागितलं तर म्हणाला, "कामून जीएसटी भरता?" पैसेही भलत्याच नावाच्या खात्यावर मागितले. तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी डेमो. बोर्ड त्याचा, जागेवर धरून ठेवणाऱ्या पिनांमध्ये चपखल बसवलेला. स्क्रीनवर कोपऱ्यातला तांब्याचा ठिपका दिसला, त्याच्याभोवती हिरवा गोल आला आणि धडाधड भोकं पडली, सगळी पॅडच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकतीच्या, मधोमध. मी खुशीत उरलेले पंधराही देऊन टाकले.

सोमवारी आमचा माल लावला आणि पंचाईत झाली. एका टोकाला भोकं बरोबर, दुसऱ्या टोकाला पॅडची नुसती कोर उरलेली, चतुर्थीच्या चंद्रासारखी. कॅमेरा असतो तो याचसाठी. तो दोन-तीन ठिपके बघून बोर्ड किती सरकलाय, किती तिरपा बसलाय ते काढतो आणि सगळी भोकं त्या हिशोबाने फिरवतो. दीडशे मिलिमीटरचा बोर्ड एकाच अंशाने तिरपा बसला, तर दुसऱ्या टोकाला अडीच मिलिमीटरच्या वर फरक पडतो. आमचं पॅडच दोन मिलिमीटरचं.

खरा प्रकार ऑपरेटर पोराने पकडला. भिंगावर भुसा बसला असेल म्हणून त्याने पुसायला बोट नेलं. बोट भिंगावर, आणि स्क्रीनवर ठिपका तसाच, हिरवा गोलही तसाच! तो साठवलेला फोटो होता. कॅमेऱ्याचा मशीनशी काही संबंधच ठेवला नव्हता.

म्हटलं, जुनाच प्रोग्रॅम परत टाकू. तर तो पुसलेला आणि नव्यावर पासवर्ड. फोन केला तर आणखी वीस हजार मागितले, मग फोनच बंद. जुन्या प्रोग्रॅमची कॉपी मी काढून ठेवली नव्हती, ही चूक माझी. त्याच्या लॅपटॉपमध्ये आहे म्हणून निवांत राहिलो. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण मधे तीन आठवडे निघून गेले होते. तोवर पैसे खात्यात कशाला थांबतात? पोलीस ठाण्यात म्हणाले, काम करून दिलंय म्हणता, मग हा तुमचा आपसातला व्यवहार. लेखी ठरलेलं असतं तर दाखवायला कागद तरी असता.

सध्या पोरं टेबल ड्रिलवर हाताने भोकं पाडतात.

मागच्या महिन्यात चिकलठाण्याच्या एका कारखानदाराचा फोन आला. त्यांच्याकडेही असाच एक जण डेमो द्यायला बसला होता. मी म्हटलं, पिना काढा, तुमचाच बोर्ड मुद्दाम तिरपा ठेवा आणि मग चालवायला सांगा. दहा मिनिटांनी त्यांचा परत फोन, "भाऊ, आज टाइम नाही म्हणून गेला तो. चहासुद्धा नाही घेतला."