इंजिन ठणठणीत, पण साइड स्टँडच्या स्विचने वात आणला: १६० सीसी गाडीचा अडीच वर्षांचा अनुभव

गाडी जानेवारी २०२३ ची. म्हणजे एप्रिल २०२३ पासून ओबीडी-२ (धुराशी संबंधित बिघाड गाडीने स्वतःच ओळखायचा नियम) लागू झालं त्याच्या जरा आधीची. १६० सीसी, एअर कूल्ड, एफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन), पुढे एबीएस. या वर्गातल्या गाड्या कागदावर सगळ्या सारख्याच, त्यामुळे पॉवर-टॉर्कचं पुराण लावत नाही. कंपनीचं नावही मुद्दाम घालत नाही. ज्या भानगडीबद्दल लिहितोय ती सोय हल्ली बहुतेक सगळ्यांनीच दिली आहे.

वापर सावर्डे ते चिपळूण रोजचा, अधूनमधून कुंभार्ली घाट चढून कराड. आमच्या हायवेबद्दल वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात तांबडा चिखल, आणि हे सगळं उडतं ते नेमकं डाव्या फुटरेस्टच्या खाली.

या जुलैत गाडी गिअर टाकला की बंद पडायला लागली. न्यूट्रलला हवी तेवढी चालू ठेवा, आवाजात काडीचा फरक नाही. पहिला टाकला की खट्, बंद. सेल्फ मारा, चालू. गिअर टाका, बंद. मग मध्येच दोन-तीन दिवस काहीच नाही, आणि बहादूरशेख नाक्यावर मागे ट्रक हॉर्न मारत असताना पुन्हा तेच. किक या गाडीला नाहीच.

सर्व्हिस सेंटरवाल्यांचं पहिलं उत्तर, "सर, ई-२० मुळे होतंय." ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल; हल्ली गाडीला शिंक आली तरी त्याचं नाव पुढे करतात. दुसऱ्या फेरीत स्कॅनर लावला. फॉल्ट काहीच नाही. तरीही एस्टिमेट हातात: फ्युएल पंप असेंब्ली, पाच हजारांच्या घरात. मी विचारलं, पंप गेलाय तर न्यूट्रलला कशी चालते? म्हणे, "सर, गिअरमध्ये लोड येतो ना." क्लच दाबून धरलेला असताना कसला आलाय लोड? यावर साहेब आत चहाला गेले.

पाच हजार ऐकल्यावर माझी गाडी थेट आमच्या नाक्यावरच्या मेस्त्रींकडे. त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. स्टँड चार वेळा खालीवर केला, खाली वाकून पाण्याचा फवारा मारला, मग स्प्रे. "आता टाका गिअर." टाकला. गाडी चालू ती चालूच.

प्रकार साधा आहे. स्टँडच्या खिळीजवळ एक स्विच असतो. स्टँड खाली असेल तर न्यूट्रलला इंजिन चालू देतो, गिअर पडला की बंद करतो. चिखल जाऊन तो अडकला की स्टँड वर असूनही गाडीला वाटतं खालीच आहे. स्कॅनरवर फॉल्ट येत नाही तो याचमुळे. कॉम्प्युटरच्या लेखी बिघाड झालेलाच नाही, तो नियमाप्रमाणे इंजिन बंद करतोय. न्यूट्रलला चालते आणि क्लच दाबूनही गिअर टाकताच मरते, तर पंप, प्लग, बॅटरी यांच्या नादी लागायच्या आधी स्टँड बघा. पाच मिनिटांचं काम.

आता माझा राग. मीटरमध्ये ब्लूटूथ दिलंय, कुणाचा फोन आला ते दिसतं, पण स्टँडचा एक दिवा नाही! तो दिवा असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि वॉरंटी मागितली तर उत्तर, "पाणी गेलंय, बसत नाही." जमिनीपासून वीतभर उंचीवरचा पार्ट, कोकणातला पाऊस, आणि पाणी गेलं हा गिऱ्हाइकाचा दोष? मग पावसाळ्यात गाडी देव्हाऱ्यात ठेवू का?

मेस्त्री म्हणाले, दोन वायरी जोडून टाकतो, स्विचची कटकटच नको. अनेकांनी तसं केलंय. मी नाही केलं. स्टँड खाली राहिला आणि डावीकडे वळण आलं तर तो रस्त्याला घासून गाडी उचलतो, आणि ही गाडी कॉलेजला जाणारा मुलगाही चालवतो. स्विचची कल्पना बरोबरच आहे, बनवलाय भिकार. सहाशेला नवा बसवला आणि त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून झाकण केलं. गणपती झाले, नवरात्र झालं, अजून कुरकुर नाही.

खरं तर हे लिहायला घेतलं तेव्हा गाडी विकायचं ठरलं होतं. तीन आठवडे मसुदा तसाच पडला आणि मत बदललं. कारण बाकी हिशोब मांडला तर गाडीने काय मागितलं? तीस हजारांच्या पुढे गेली, ऑइल एका सर्व्हिसपासून दुसऱ्यापर्यंत उतरत नाही. टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) एकदा सेट केले. टायमिंग चेनचा आवाज नाही. क्लच प्लेट मूळच्याच. चेन किट बदललं, पण या धुळीत ते जाणारच. कोनसेट (हँडलचं बेअरिंग) जरा अडकतो, तो खड्ड्यांच्या खात्यात. मायलेज पन्नासचं अठ्ठेचाळीस झालं, तेही अपेक्षितच: ई-१० साठी (१० टक्के इथेनॉल) जुळवलेल्या दुचाकीचं ई-२० वर ३ ते ४ टक्के कमी होईल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय.

मित्र म्हणतो बुलेट घे, दुसरा म्हणतो यामाहा. दोन्हींचे रिकॉल आठवतात. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. जानेवारी २०१८ मध्ये यामाहाने एफझी २५ आणि फेझर २५ च्या २३,८९७ गाड्या हेड कव्हरचा बोल्ट सैल होतो म्हणून तपासायला घेतल्या. लोक हे आकडे नावं ठेवायला वापरतात. मला उलट वाटतं. दोष कबूल करून फुकट दुरुस्त करणारा परवडला. माझ्या स्विचसारख्या सहाशेच्या पार्टसाठी कोण रिकॉल काढतो? तो प्रत्येकाने आपापल्या नाक्यावर, आपापल्या पैशाने शोधायचा.

मेव्हण्याची जुनी कार्ब्युरेटरवाली १०० सीसी अजून आहे, किकवाली. पावसात ती चालू करताना तो माझ्याकडे बघून हसतो. हसू दे. कुंभार्लीत डबलसीट घेतल्यावर तो दुसऱ्या गिअरमध्ये असतो.

गाडी ठेवतोय. फ्री सर्व्हिस संपल्या आहेत, आता सगळं मेस्त्रींकडे. मागचा टायर दिवाळीनंतर बदलायचाय, चांगला कुठला ते सांगा. ट्यूबलेस, आणि ओल्या डांबरावर धरणारा हवा.