मिरचीच्या बियाण्यासाठी ऑर्गंझाच्या पिशव्या: दोन हंगाम वापरल्यावर

माझ्याकडे एक गोड मिरची आहे. लांबट, टोकाशी जरा वाकडी, पिकली की शेंदरी लाल. त्या वाणावर माझा फार जीव आहे. एका वर्षी घरच्याच बियांची रोपं केली, पहिलं फळ कापून तसंच तोंडात टाकलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. आदल्या हंगामात शेजारच्या कुंडीत तिखट मिरची होती. सहाही रोपं तशीच निघाली. मूळ पुडीत सात बिया उरल्या होत्या, त्यातल्या चार रुजल्या. त्या चार झाडांसाठी मी या पिशव्या मागवल्या, कळ्यांवर बांधून दुसऱ्या झाडाचा पराग अडवायला.

पिशव्या म्हणजे भेटवस्तू घालून देतात त्याच, झिरझिरीत ऑर्गंझाच्या, तोंडाशी नाडी असलेल्या. मी दोन मापं घेतली: ७ × ९ आणि १५ × २० सेंटीमीटर. रंग पांढरा.

मिरचीचं फूल द्विलिंगी असतं, स्वतःच्याच परागावर फळ धरतं. त्यामुळे बी आपोआप शुद्ध राहील असं मी धरून चालले होते, आणि तिथेच चुकले. मधमाशी तिखट झाडावरून उठून गोड झाडावर बसली की पराग बदलला. दोन कुंड्या गच्चीच्या दोन टोकांना ठेवून काही साधत नाही. बियाण्याच्या शेतीत मिरचीच्या दोन वाणांत २०० ते ४०० मीटर अंतर राखतात. शिवाय गोड वाणात ही भेसळ पुढच्याच पिढीत उघडी पडते. गोड मिरचीत तिखटपणा घडवणारं जनुक निकामी असतं. परक्या परागातून त्याची एक चालती प्रत आली, तरी पुढचं झाड तिखट होतं.

अनेकजण विचारतात की शेजारी तिखट झाड असलं तर याच वर्षीची गोड मिरची तिखट होईल का. नाही होत. साल, गर आणि आतला तो पांढरा भाग, जिथे तिखटपणा तयार होतो, हे सगळं त्या झाडाचंच असतं. परका पराग शिरतो तो फक्त बीमध्ये. म्हणून फसगत पुढच्या हंगामातच कळते, आणि तोवर मूळ बी बहुतेक संपलेलं असतं.

आता पिशव्यांविषयी. लहान माप मी एकेका फुलासाठी घेतलं होतं. ते जमलं नाही. मिरचीचं एखादं फूल असंही गळतंच. पिशवीत एकच कळी असली आणि ती गळली की आठवडा वाया. शिवाय कोवळ्या देठावर ओली पिशवी लोंबते तेव्हा देठच मोडतो. पहिल्या पंधरा दिवसांत लहान पिशव्यांतून मला एकही फळ मिळालं नाही. मोठ्या पिशवीत मात्र सात-आठ कळ्यांची अख्खी फांदी मावते, फांदी वजन पेलते, आणि त्यातली दोन-तीन फुलं तरी धरतात. बियाण्याला तेवढी पुरतात.

बांधायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. कळी फुगून पांढरी दिसते पण उमललेली नसते, तेव्हा बांधायची. त्या फांदीवर आधीच उमललेलं फूल किंवा धरलेलं फळ असेल तर ते मी निष्ठुरपणे खुडते. त्यावर कोण बसून गेलं हे सांगता येत नाही. एकदा कीव येऊन एक उघडं फूल आत राहू दिलं, आणि पुढे कोणतं फळ त्याचं हेच ओळखता येईना. ती अख्खी फांदी बियाण्यातून बाद केली.

नाडी हा या पिशवीचा खरा दोष. साटीनची गुळगुळीत फीत दोन दिवसांत सैल होते आणि फांदीभोवती फट राहते. मुंग्या शिरल्या, आणि मला धास्ती होती ती लहान माश्यांची. आता नाडी ओढून झाली की वरून लोकरीच्या धाग्याचे तीन वेढे देते. लोकर पकड सोडत नाही आणि फांदीला काचतही नाही. विणीतून मधमाशी जात नाही, पण फुलकिडे जातात, आणि आत मावा अडकला तर त्याला खाणारे किडे बाहेरच राहतात. बांधण्याआधी पानांची मागची बाजू बघाच. मी एकदा बघितली नाही, तर आठ दिवसांत सगळी फांदी चिकट झाली होती.

सकाळी फुलं उमलली की थोड्या वेळाने मी पिशवीसकट फांदीला टिचक्या मारते. किडे नसल्यावर पराग झाडायचं काम आपलंच. कडक उन्हाळ्यात हे करूनही फुलं गळतात, त्याचा दोष पिशवीला देणार नाही. उघड्या फांदीवरही तेव्हा तेच चाललेलं असतं.

फळ मुगाएवढं झालं की पिशवी काढते आणि देठाला लाल धागा बांधते. हा धागा विसरलात तर सगळी मेहनत गेली, कारण महिन्याभराने सगळी फळं सारखीच दिसतात. ते पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतेपर्यंत झाडावरच ठेवते. हिरव्या फळातलं बी कच्चं असतं.

निकाल सांगते. पहिल्या हंगामाच्या पिशवीतल्या बियांपासून या वर्षी बारा रोपं केली. प्रत्येक झाडाचं एकेक फळ मी स्वतः चावून पाहिलं. बाराही गोड. शेवटचं खाताना मला भरून आलं.

घेणार असाल तर मोठं मापच घ्या, आणि मूळ बी संकरित वाणाचं नाही ना, हे आधी बघा. संकरित असेल तर पिशवी बांधूनही पुढची रोपं मूळ झाडासारखी येत नाहीत. माझ्या मोठ्या पिशव्या धुऊन दुसऱ्यांदा वापरल्या, दोन उसवल्या, बाकी धड आहेत. लहान पिशव्यांत मी आता काढलेलं बी वाळवते. वारा लागतो, बी सांडत नाही, आणि वाणाच्या नावाची चिठ्ठी आतच राहते.