शेततळ्यात गिफ्ट तिलापिया की पंगस?

दोन्ही मासे परदेशी, दोन्ही झपाट्याने वाढणारे. दराचा हिशेब तुम्ही केलाच असेल. मला काळजी वेगळी वाटते: पावसाळ्यात सांडव्यातून चार मासे ओढ्यात गेले, तर पुढे काय?

तिलापियाचं उत्तर उजनीत बघायला मिळतं. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. आज भीमेकाठी तो 'चिलापी' या नावाने इतका रुळलाय की परका वाटतही नाही. गिफ्ट ही त्याच्या भाऊबंदाची, नाईल तिलापियाची, सुधारित जात. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि धोका दिसला की पिल्लांनाही पुन्हा तोंडात घेते. विणीला ना पूर लागतो, ना वाहतं पाणी. डबक्यातही संसार थाटतात, आणि ती पिल्लं पाच-सहा महिन्यांत स्वतः विणीला येतात. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकणारे 'सगळे नरच आहेत' म्हणतात. सुरुवातीचे तीनेक आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य देऊन नर तयार करतात हे खरं, पण थोड्या माद्या उरतातच. तेवढ्या पुरेशा आहेत.

पंगस मेकाँग नदीचा. विणीसाठी तो लांबचा प्रवास करतो, वयात यायला काही वर्षं घेतो. हॅचरीत तर इंजेक्शन द्यावं लागतं. त्यामुळे तुमच्या तळ्यात तो वाढेल, विणार नाही. तरी त्याला निर्धोक समजू नका. हवेतून श्वास घेत तो घाण पाण्यातही तगतो, मीटरभर वाढतो, मिळेल ते खातो. दरवर्षी निसटत राहिला तर वीण न होताही नदीत त्याची गर्दी राहील.

परक्या माशाचा धोका जोखणाऱ्या 'फिस्क' प्रश्नावलीत ४९ प्रश्न आहेत. हवामान जुळतं का, इतरत्र रुजलाय का, पिल्लांची राखण करतो का, असे. या तिन्हींवर तिलापियाचं उत्तर 'हो' येतं.

म्हणून सांडवा ओढ्याला मिळत असेल तर तिलापिया नकोच. सह्याद्रीच्या उतारावर तर दोन्ही नकोत, तिथल्या ओढ्यांतले काही मासे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. उंच बांधाचं, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, पावसाआधी रिकामं होणारं तळं असेल तर पंगस चालेल, दुहेरी जाळी लावून. गिफ्टसाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आधी घ्या. थाई मांगूर हा परदेशी मासा कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे.

मला विचाराल तर कटला-रोहू. मूळ गंगेकडचे, म्हणजे भीमेत तेही पाहुणेच. पण साचल्या पाण्यात ते वीत नाहीत.