बाहेरचा सेन्सर गप्प झालाय: तोच चालवावा, बदलावा की वायरवाला घ्यावा?

बाहेर टांगलेल्या बिनतारी सेन्सरकडून बाहेरचं तापमान घेणारं घड्याळ तुमच्याकडे आहे. त्यावर घरातलं तापमान व्यवस्थित दिसतंय, पण बाहेरच्या तापमानाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. लगेच नवा संच शोधू नका. आधी सेन्सर घरात आणा आणि दोन्हीकडच्या बॅटऱ्या काढून काही मिनिटं तसंच राहू द्या. मग नव्या बॅटऱ्या आधी सेन्सरमध्ये आणि नंतर घड्याळात घाला. बहुतेक मॉडेलांचा क्रम हाच असतो. पुस्तिकेत वेगळा असेल तर तिचं ऐका. दोन्ही दीड-दोन मीटरवर ठेवा, चॅनेलचा (सेन्सर आणि घड्याळ ज्यावर जुळतात त्या क्रमांकाचा) आकडा दोन्हीकडे एकच आहे ना ते बघा आणि पंधरा मिनिटं कुठल्याही बटणाला हात लावू नका.

दोन्हीकडच्या बॅटऱ्या काढायच्या, कारण बरेच सेन्सर बॅटरी बदलली की नवा ओळख क्रमांक घेतात आणि घड्याळ मात्र जुन्याच क्रमांकाची वाट बघत बसतं. 'नवी बॅटरी घातली तरी चालत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. शिवाय हा संवाद सहसा एकतर्फी असतो. सेन्सर ठरावीक वेळाने आकडा पाठवतो, घड्याळ त्याला विचारू शकत नाही. म्हणून अधीर होऊन बटणं दाबण्यात अर्थ नाही.

जवळ ठेवल्यावर आकडा आला, तर पहिला पर्याय नक्की: आहे तोच सेन्सर ठेवा. दोष बॅटरीत, जोडणीत किंवा जागेत होता. खोक्यावरचे ३० किंवा १०० मीटर मोकळ्या मैदानातले असतात. मध्ये सळ्यांचं काँक्रीट, पत्रा किंवा धातूचा थर दिलेली खिडकीची काच आली की पल्ला झपाट्याने घटतो. घड्याळ टीव्ही, राउटर किंवा स्वस्त चार्जरला खेटून असेल तर आधी तेच हलवून बघा. ते बाहेरच्या सेन्सरपेक्षा हलवायला सोपं.

बॅटरीचाही विचार करा. अल्कलाइन सौम्य हवामानात उत्तम. पण तिच्यातलं द्रावण पाण्याचं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ती मान टाकते. सेन्सर फक्त पहाटे गायब होऊन दुपारी परत येत असेल, तर संशय तिच्यावरच. तिथे १.५ व्होल्टची लिथियम एए किंवा एएए घाला. ती उणे ४० अंशांपर्यंत काम करते. रिचार्जेबल निकेल बॅटरी १.२ व्होल्टची असते आणि काही सेन्सरना तेवढा दाब पुरत नाही. मी तरी ती इथे वापरणार नाही.

आकडा येतोय पण खोटा वाटतोय, ही तक्रार वेगळी. उन्हातला सेन्सर हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या खोक्याचं तापमान सांगतो. ओला असेल तर बाष्पीभवनामुळे आकडा खऱ्यापेक्षा खाली जातो. सावलीत, आडोशाला, वारा खेळेल अशा जागी टांगा. एखाद्या अंशाचा फरक मात्र दोष मानू नका.

जवळ ठेवूनही काही येत नाही? मग बॅटरीचा कप्पा उघडून बघा. पत्र्यांवर पांढरी पूड असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, पूर्ण वाळू द्या. सेन्सरवरचा दिवा दर थोड्या वेळाने लुकलुकत असेल तर घड्याळही संशयित ठरतं, आणि तेव्हा नुसता सेन्सर आणणं म्हणजे जुगार. दिवाच नसेल तर बदली सेन्सर आणणं योग्य. फक्त मॉडेल क्रमांक जुळवून घ्या. मागे '४३३ मेगाहर्ट्झ' ही रेडिओ लहरींची वारंवारता लिहिलीय म्हणून तो चालेलच असं नाही, कारण संदेशाची मांडणी प्रत्येक कंपनीची आपली असते. ८६८ किंवा ९१५ वाला तर ४३३ वाल्या घड्याळाला ऐकूच येणार नाही. तुमच्या मॉडेलचा सेन्सर सुटा मिळत नसेल तर पूर्ण संचच घ्या.

राहिला वायरवाला. घड्याळाला जोडलेली लांब वायर, तिच्या टोकाला तापमान मोजणारा छोटा प्रोब. बिनतारी जोडणी नाही, चॅनेल नाही, बॅटरी घरातच असल्यामुळे थंडीची भीती नाही. घड्याळ खिडकीजवळच ठेवायचं असेल तर मी बिनतारीपेक्षा हाच घेईन. पण वायर फटीतून न्यावी लागते, तिथे दाबली गेली तर तुटते, आणि प्रोब भिंतीला लागून राहिला तर घरातून झिरपणारी ऊब मोजतो. घड्याळ पलंगाशेजारी आणि खिडकी दुसऱ्या टोकाला असेल, तर त्याचा विचारच सोडा.