जुना आयमॅक मॉनिटर म्हणून: नुसती केबल की नवा बोर्ड?

जळगावच्या घरी 2010चा 27 इंची आयमॅक (पडद्यामागेच अख्खा कॉम्प्युटर बसवलेलं अ‍ॅपलचं मशीन) धूळ खात पडलेला. पडदा मात्र अजून झकास, 2560 बाय 1440 पिक्सेल. तो लॅपटॉपला जोडायचे मार्ग दोन.

केबलचा मार्ग सोपा: लॅपटॉपला मिनी डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवणारी केबल) जोडा, आयमॅकच्या कीबोर्डवर कमांड-एफ2 दाबा, झालं. पण आत अख्खा कॉम्प्युटर चालूच राहतो. मे महिन्यात पाठ तव्यासारखी तापते. 2011 ते 2014च्या मॉडेलना तर थंडरबोल्टच (वेगळ्या जातीची केबल) लागतं, आणि 5के (याहून जास्त पिक्सेलच्या) आयमॅकला ही सोयच नाही.

बोर्ड खटपटीचा. चुंबकावर बसलेली काच सक्शन कपने निघते (2012च्या शेवटापासूनची चिकटवलेली, तिच्या वाटेला जाऊ नका). आतलं सामान काढून पॅनेलला कंट्रोलर बोर्ड (बाहेरून आलेलं चित्र पडद्यावर दाखवणारा) जोडायचा. पॉवर सप्लाय प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो, जपून. मग एचडीएमआयवर कोणताही लॅपटॉप चालतो.

मी बोर्डच घातला. आईच्या मते, 'डबा उघडायची हौस फिटली एकदाची.'