फ्युएल पंप बदलून आठ महिने: पंपावरचा राग मी मागे घेतोय

काटा पाव टाकीच्या जरा वर होता आणि गाडी चढणीवर बंद पडली. नवा फ्युएल पंप (टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा) बसवून जेमतेम पाच महिने झाले होते. त्या दिवशी लिहायला बसलो असतो तर पंपाला शिव्याच घातल्या असत्या.

गाडी १६ वर्षांची, पेट्रोल, ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. मूळ पंप जायच्या आधीची लक्षणं नेहमीचीच. इंजिन तापलेलं असलं की सेल्फ खूप वेळ मारावा लागायचा, चढावर आचके बसायचे. मग एका सकाळी सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं आवाज येतो, तोही नाही. फ्यूज ठीक, रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलून पाहिला, कनेक्टरवर १२ व्होल्ट येत होते. म्हणजे मोटरच गेली.

पूर्ण असेंब्ली, म्हणजे पंपाचा सगळा जोडलेला संच, न घेता मी नुसती मोटर, जाळी आणि रबरी रिंग घेतली. बाकीचं प्लास्टिक धडधाकट असताना ते फेकून द्यायला मन होईना. काम घरीच केलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, दारं सताड उघडी ठेवली, आणि ठिणगी नको म्हणून लॉक रिंग लाकडी ठोकळ्याने ठोकत फिरवली. रबरी रिंगेच्या पैशात मात्र काटकसर करू नका. जुनी रिंग पेट्रोलने फुगलेली असते, खाचेत परत बसतच नाही.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पण तो आवाज! टाकी भरलेली असताना काही नाही, काटा अर्ध्याच्या खाली उतरला की मागून बारीक किणकिण सुरू, आणि पेट्रोल कमी होईल तशी ती चढत जायची. रेडिओ बंद करून मी तोच ऐकत गाडी चालवायचो. घरातल्या कोणालाच तो ऐकू येत नव्हता, याचा जास्त राग यायचा. स्वस्तातली मोटर घेतली म्हणून भोगतोय, अशी माझी खात्री झाली होती.

चूक माझी होती. या गाड्यांत मागच्या डिफरन्शियलकडे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याकडे) जाणारा शाफ्ट टाकीखालून जातो, म्हणून टाकी घोड्याच्या खोगिरासारखी, मधे उंच आणि दोन बाजूंना दोन पोटं. पंप एकाच पोटात. पेट्रोल मधल्या उंचवट्याच्या खाली गेलं की दुसऱ्या पोटातलं पेट्रोल आपोआप येत नाही. इंजिनाला न लागता परत येणाऱ्या पेट्रोलची धार एका बारीक तोंडातून जोरात जाते आणि त्या ओढीने पलीकडचं पेट्रोल नळीतून इकडे खेचलं जातं. ती नळी, वीतभराची, मी असेंब्ली परत बसवताना नीट दाबलीच नव्हती. सीटखालचं दुसरं झाकण उघडलं तर ते पोट निम्म्याहून जास्त भरलेलं, आणि पंपाच्या बाजूला तळाशी नुसता ओलावा. पेट्रोलची पातळी मोजणारे तरंगते फ्लोट दोन्ही बाजूंना असतात, काटा दोघांची बेरीज दाखवतो. म्हणून पाव टाकी दिसत असूनही पंप हवा ओढत होता. मोटरला थंडावा पेट्रोलचाच असतो. म्हणजे ती बिचारी पाच महिने अर्धवट कोरडी चालत होती आणि किणकिण करून तेच सांगत होती.

नळी टक्क आवाज येईपर्यंत दाबली, ओढून पाहिली, पुन्हा नवी रिंग घालून झाकण लावलं. त्याला आता तीन महिने झाले. गेज लावून पाहिलं, प्रेशर मॅन्युअलप्रमाणे. इतकं सोसूनही मोटर टिकली याचं मला खरंच कौतुक वाटतं. नुसती मोटर घेण्याचा निर्णय मी पुन्हाही तोच घेईन, फक्त झाकणं दोन्ही उघडेन आणि नळी आधी बघेन. परवा काटा पाव टाकीवर असताना त्याच चढणीवरून गेलो, रेडिओ बंद ठेवून. मागून काही आवाज नव्हता.