ठाणे स्टेशनजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान, ४ स्टार (एक का कापला ते खाली)

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत जिन्याखाली आहे, पटकन दिसत नाही. यूपीएससीवाल्या भाच्यासाठी अमेरिकन राज्यक्रांतीवर काहीतरी हवं होतं, काकांनी ढिगातलं नेमकं सगळ्यात खालचं ओढून दिलं, दीडशे रुपये. भाचा राहिला बाजूला, मीच वाचत बसलो. १७७६ ला ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य जाहीर करताना अमेरिकन सगळी माणसं समान म्हणाले खरे पण गुलाम तसेच ठेवले, आणि त्याच्या आदल्याच वर्षी व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर सांगतोय की बंडखोरांचे गुलाम आमच्याकडून लढले तर मोकळे, म्हणजे स्वातंत्र्य नक्की कोण देत होतं तेच कळेना! मॅसॅच्युसेट्सच्या एलिझाबेथ फ्रीमनचं तर दोनदा वाचलं, गुलाम बाई, लिहितावाचता येत नाही, पण तिथल्या राज्याच्या घटनेत सगळे जन्मतः मुक्त आणि समान असं लिहिलंय हे कानावर पडलं तशी वकील गाठला आणि १७८१ ला केस जिंकली राव. पुढे न्यू जर्सीत इस्टेटवाल्या बायकांना मत होतं ते १८०७ ला काढून घेतलं, तिथे आलो तर पुढची सोळा पानंच गायब!! परत गेलो तर काका म्हणे, "पैसे नाय मिळणार, त्या टोपलीतलं एक घेऊन जा." चाळूनच घ्या. जीपे चालतं, पंखा नाही.